विषय : छपरासाठी पुरवलेल्या पाइनच्या तुळया वाकल्याबाबत

व्यवस्थापक,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा विभागाला मी चौथा आणि शेवटचा फोन केला. यापुढचे उत्तर लेखीच हवे.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घराच्या कौलारू छपरासाठी तुमच्याकडून न्यूझीलंडच्या लागवडीतील रेडिएटा पाइनच्या बारा तुळया घेतल्या. सागाला जे माप लागते तेच याला चालेल, असे तुमच्या विक्री प्रतिनिधीने आमच्या सुतारासमोर सांगितले होते. ऑक्टोबरात कौले चढली आणि मार्चपर्यंत पाच तुळया मध्यभागी खाली आल्या. ४.२ मीटरच्या गाळ्यात, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरात, सर्वांत वाईट तुळई ३१ मिलिमीटर वाकली आहे. कौलांसारखे ठिसूळ आच्छादन पेलणाऱ्या तुळईचा बाक गाळ्याच्या ३६० व्या भागाहून जास्त नसावा, असे इमारती लाकडाच्या बांधकामाचे भारतीय मानक आयएस ८८३ सांगते. म्हणजे इथे जेमतेम १२ मिलिमीटर.

हे मी फोनवर सांगितले, तेव्हा तुमचे अधिकारी म्हणाले, "काका, मोजलंत कशानं?" मी म्हटले, तुळईच्या बाजूने, दोन्ही टोकांच्या वरच्या कडेला नायलॉनची दोरी ताणून बांधली आणि मध्ये दोरीपासून कडेपर्यंतचे अंतर पट्टीने घेतले. त्यावर ते म्हणाले, "मग दोरीलाच झोळ पडला असेल." दोरीला झोळ पडला तर अंतर कमी भरते, वाढत नाही, हे मी दोनदा समजावले. ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "लाकूड आहे काका, थोडं हलणारच. तुमच्या वयात एवढं टेन्शन कशाला घेता?" त्या छपराखाली माझी नातवंडे झोपतात. या वाक्याबद्दल मला लेखी माफी हवी आहे.

पाचही तुळयांच्या टोकांवर झाडाचा गाभा उघड दिसतो आणि वलये जवळजवळ सेंटिमीटरभर रुंद आहेत. गाभ्याजवळची पहिली दहाएक वलये कोवळ्या लाकडाची असतात, ते वाळताना पिळते, लांबीतही आकसते आणि भाराखाली लवते, हे तुम्हांला माहीत असणारच. दोष झाडाचा नाही. न्यूझीलंडमध्ये याच लाकडाच्या सांगाड्यावर घरे उभी राहतात, पण तिथे ताठरता तपासून, प्रत म्हणजे दर्जा उमटवून ते विकले जाते. माझ्या बारांपैकी एकाही तुळईवर प्रतीचा शिक्का नाही. जंगलातला ऐन-किंजळ तोडण्यापेक्षा लागवडीचे लाकूड वापरावे, या विचाराने मी घरच्यांचा विरोध पत्करून तुमच्याकडे आलो होतो, म्हणून ही फसवणूक मला अधिक लागली आहे.

पाचही तुळया योग्य जाडीच्या, प्रत तपासलेल्या लाकडाच्या बदलून द्याव्यात, कौले उतरवण्या-चढवण्याचा आणि सुताराचा खर्च द्यावा, आणि उरलेल्या सात तुळयांचा तपासणी अहवाल पाठवावा. सागाचेच माप चालेल, हे तुमच्याच माणसाने सांगितले होते, हे पुन्हा नोंदवतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. पावसाळ्याआधी छप्पर उघडून पुन्हा शाकारायचे आहे.

आपला ग्राहक