चष्मा पलीकडे ठेवणाऱ्या काकूंना

काकू, तुमचं नाव मला अजून नीट माहीत नाही, सगळ्या तुम्हाला काकूच म्हणतात म्हणून मीही तेच. समोर सांगायला गेले तर रडेन, म्हणून लिहितेय.

२६ जुलै २००५ ला मी कलिनाला बसमध्ये अडकले होते. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला हे नंतर पेपरात वाचलं, मला तेव्हा फक्त छातीपर्यंतचं काळं पाणी आठवतंय आणि पायाखाली रस्ता आहे की उघडं गटार हे न कळणं. त्यानंतर जी घाबरले ती घाबरलेच. मुलांच्या पिकनिकला एलिफंटाची बोट नको, मार्वेहून मनोरीला जायची ती पाच-दहा मिनिटांची फेरीबोट नको, पैसे फक्त एफडीत, नोकरी तीच. घरचे म्हणायचे, सांभाळून असते बिचारी. सांभाळून कसली, नुसती आखडून बसले होते.

चाळिशीनंतर धीर करून एका क्लबात पोहायला गेले तर तिथल्या ट्रेनरने तिसऱ्याच दिवशी मागून ढकललं, वर हसला, म्हणे असंच शिकतात. फी गेली ती गेलीच, पण त्यानंतर वर्षभर बादलीत तोंड बुडवायचीसुद्धा भीती वाटायची. असल्यांना शिकवायला ठेवतं कोण?

मग दादरच्या तरणतलावावर लेडीज बॅचमध्ये तुम्ही भेटलात. शिकवायला सर होतेच, पण मी कठडा सोडत नव्हते आणि रोज कारण एकच, चष्म्याशिवाय दिसत नाही हो. बाकीच्या हसायच्या. तुम्ही एक दिवस काही न बोलता माझा चष्मा घेतलात, स्वतःच्या टॉवेलने पुसलात आणि तलावाच्या आडव्या बाजूने पलीकडे जाऊन काठावर ठेवलात. "तिकडे ठेवलाय गं. घ्यायला ये, मी बाजूनेच चालते." बस.

आणि खरंच चाललात, पाण्यातून, माझ्या बरोबरीने, हात न लावता. मध्येच घाबरून डोकं वर काढलं तर पाय खाली जायला लागले, तर म्हणालात कान पाण्यात जाऊ देत, छाती भरून श्वास घे, पाणी उचलतं आपल्याला. उचललं की हो! चष्मा घातला तेव्हा काच ओली होती की डोळे, काय माहीत.

तुम्हाला यातून काय मिळणार होतं? काहीच नाही. अशी माणसं असतात म्हणून हे शहर चालतंय असं मला वाटतं, बाकी सोडा.

आता शूर वगैरे झाले नाहीये हां. भरतीच्या वेळी जुहूला पाण्यात उतरणाऱ्यांना मी अजूनही शिव्या देते आणि देणार. पण गेल्या डिसेंबरात गेटवेहून एलिफंटाला गेले, तासभर बोटीत, कठड्याच्या बाजूच्या सीटवर, आणि लेकीने काढलेल्या फोटोत मी चक्क हसतेय.

तो फोटो प्रिंट करून आणलाय. आणि तुमचा टॉवेल अजून माझ्याकडेच आहे, धुऊन ठेवलाय, शनिवारी आणते.