बापू, तुझी शिवी कामाला आली

अमळनेर तालुका,
आखाजीनंतरचा दुसरा रविवार

प्रिय बापू,

कसा शे भाऊ? आखाजीला येतो म्हणालास आणि आला नाहीस. मायने तुझ्या नावाचे दोन मांडे झाकून ठेवले होते, ते संध्याकाळी मीच रसासोबत संपवले. आता शिक्षा म्हणून हे लांबलचक पत्र वाच.

पिकअपची एरियल तुटली होती, ती मी स्वतः बदलली. हसू नको. वीस मिनिटांचं काम, मला दोन रविवार लागले.

तुटली ती आपल्याच बांधावरच्या बाभळीने. पोळ्याच्या आसपासची गोष्ट. मिरची भरून पाणंदीतून निघालो होतो, काडी पूर्ण वर ओढलेली, आणि रेडिओवर कुणी साहेब बोंडअळीवर बोलत होते. मी इतका कान लावून ऐकत होतो की फांदी दिसलीच नाही. खट्ट! साहेब गेले, खरखर आली. मग उरलेल्या खुंटाला सायकलच्या चाकाची एक तार टेपने गुंडाळली. दिवाळीपर्यंत निभलं. पण खुंटाच्या बुडातून पावसाचं पाणी आत झिरपत राहिलं, आतली तांब्याची तार हिरवी पडली आणि संक्रांतीच्या सुमारास रेडिओ पार मुका झाला.

तू म्हणशील, मोबाईल लाव. आमचा वायरमन नानाही तेच म्हणाला, "मोबाईल शे ना भाऊ तुनाजोडे!" आहे रे. पण माल टाकून सकाळी रिकाम्या गाडीने परत येताना व्यापाऱ्यांचे फोन सुरू होतात. एक कडवं ऐकलं की फोन, दुसरं सुरू झालं की फोन. रेडिओ कुणाचा फोन घेत नाही. आणि तापी ओलांडून चोपड्याच्या वर, सतपुड्याच्या पायथ्याला माल भरायला गेलं की मोबाईलची रेंज कुठे लपते ते त्या कंपनीलाच माहीत.

तू आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स करत होतास, तेव्हा माझ्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दिला होतास. तीनशेला मेगाहर्ट्झने भागायचं, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. एफएम साधारण १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे लहर ३ मीटरची, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. गाडीची काडी साधारण तेवढीच का असते, ते मला तेव्हा कळलं. मग आपण आकाशवाणीच्या जळगाव केंद्राचा, म्हणजे मीडियम वेव्हचा, हिशेब केला. ९६३ किलोहर्ट्झ, म्हणजे ०.९६३ मेगाहर्ट्झ, लहर ३११ मीटर, चौथा हिस्सा जवळजवळ ७८ मीटर! तू म्हणालास, "आता पिकअपवर एवढा खांब उभा कर." तेव्हा पिकअप नव्हती, आबांचा ट्रॅक्टर होता, पण मुद्दा तोच. जळगाव ऐकायला गाडीची काडी म्हणजे महापुरातून वाटीभर पाणी घ्यायचं. म्हणून त्या वाटीला भोक पडलेलं चालत नाही. एफएम जवळ असलं की तुटक्या काडीवरही बोलतं, पण डोंगर आडवा आला की बसतं. जळगाव जमिनीला धरून लांबवर येतं, मात्र वायरीचे नखरे सहन करत नाही.

तर धुळ्याहून नवी एरियल आणली, दोनशे ऐंशी रुपयांची, वायरीसकट. पहिल्या रविवारी भर दुपारी काम काढलं. डॅशबोर्डवर हात ठेवला तर पोळी भाजून निघेल असं ऊन. बॅटरीची निगेटिव्ह काढली, रेडिओचा डबा बाहेर ओढला, मागचा जाड गोल पिन उपटला, काचेशेजारच्या खांबावरचे दोन स्क्रू सोडले आणि जुनी वायर मोठ्या दिमाखात सर्रकन ओढून घेतली. हीच चूक. वायर कुठून कुठे जाते हे फक्त त्या जुन्या वायरीला माहीत होतं, आणि ती आता माझ्या हातात लोंबत होती. आधी तिच्या शेपटीला सुतळी बांधायची, मग ओढायचं, म्हणजे वाट राहते. एवढं साधं सुचलं नाही. नवी वायर खांबातून खाली ढकलतोय, ती आतच वेटोळी घालतेय. आमची मंडळी दोनदा येऊन बघून गेली, काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार शोधली. ताठही असते आणि वळतेही. ती खालून वर चढवली, टोकाला नवी वायर टेपने बांधली आणि हळूहळू खाली घेतली. दोन मिनिटांत काम! भोकात रबराचा बूच बसवला, काठाने सिलिकॉन लावलं, आणि आत वायरीला एक झोळ ठेवला, म्हणजे पाणी आलंच तर झोळातून ठिबकेल, रेडिओत शिरणार नाही.

रेडिओ लावला. एफएम लागलं. जळगाव लावलं, तर नुसती शिट्टी! ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. नानाने मीटर आणला, जोड असला की बीप करणारा. काडीपासून पिनाच्या टोकापर्यंत बीप, बरोबर. काडी ते बॉडी बीप नाही, तेही बरोबर. पण पिनाची बाहेरची कडी ते बॉडी? तिथेही बीप नाही. नाना डोकं खाजवत बसला, आणि मला एकदम तू आठवलास. आबांच्या ट्रॅक्टरचा मागचा दिवा मी रंगावरच घट्ट आवळला होता आणि तो लागत नव्हता. तू ओरडलास, "गधड्या, आधी रंग खरवड! रंगातून वीज जाते का?" वीस वर्षं झाली असतील. एरियल पुन्हा सोडली, बुडाखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, पुन्हा आवळली, वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस फासलं. शिट्टी गायब. ती बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची होती, अर्थिंग, म्हणजे बॉडीशी जोड, नसल्यामुळे वायरीवर चढत होती.

तरी बारीक भुणभुण उरलीच. ती शोधायला अर्धा तास गेला. शेवटी कळलं, लायटरच्या भोकातला मोबाईलचा चार्जर! तो उपसला आणि जळगाव असं स्वच्छ लागलं की नाना गाडीतून उतरेना. मी म्हटलं, "नाना, मोबाईल शे ना तुनाजोडे?" त्याने आवाज वाढव म्हणून खूण केली.

आता चोपड्याला जाताना चार्जर काढून ठेवतो आणि पाणंद आली की काडी खाली करतो. दहातून दोनदा विसरतो. बाभळीची ती फांदी तोडणार होतो, पण तिच्यावर सुगरणीची घरटी आहेत, राहू दे.

एक शंका राहिली आहे. डिझेलची गाडी, स्पार्क प्लग नाही, म्हणून इंजिनाची तडतड नाही, हे समजलं. शेजारून मोटारसायकल गेली की तडतड येते, तेही समजलं. पण इंडिकेटर लावला की जळगाववर अजून टक-टक येते. कुठे कंडेन्सर लावू का, की मागच्या दिव्यांचं अर्थिंगही रंगावरच बसलं आहे? तुझी वही तुझ्याकडे असेल, बघ आणि लगेच लिही. शिव्यांसकट लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
अण्णा