लेकीच्या रायफलीची पहिली स्लिंग

सोलापूर,
२२ डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. परवान्याची पायपीट एकदाची संपली, लेकीची पॉइंट टू-टू रायफल घरी आली आणि आता स्लिंग कोणती घ्यावी एवढाच प्रश्न उरला आहे, असे तू लिहिले आहेस. त्यातला 'एवढाच' वाचून मला हसू आले. रायफल घेताना तू गावभर विचारपूस केलीस, आणि त्या रायफलीचा भार ज्या पट्ट्यावर पेलायचा तो मात्र मोबाइलवर फोटो बघून मागवायला निघाला होतास! मागवण्याआधी पत्र टाकलेस हे फार बरे केलेस.

तू जो फोटो पाठवला आहेस, तो पट्टा रायफल खांद्याला अडकवून चालण्यासाठी आहे. एक टोक पुढे, एक टोक मागे बटाकडे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागाकडे, मध्ये जाड गादी. एन.सी.सी.त थ्री-नॉट-थ्रीला असायचा त्याच जातीचा. आपण दोघे तो खांद्याला लावून परेड मैदानावर उन्हात उभे राहिलो आहोत. नेमबाजीच्या स्लिंगचे काम निराळे आहे. ती डाव्या दंडाला वरच्या बाजूस बसते, तिथून थेट रायफलीच्या पुढच्या लाकडाकडे जाते आणि तिथे एकाच ठिकाणी अडकते. आंतरराष्ट्रीय नियमांतही नेमके हेच लिहिले आहे, आणि पट्ट्याची रुंदी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. शब्दकोश उघडलास तर 'स्लिंग'ला 'गोफण' असा अर्थ सापडेल. मंगळवेढ्याच्या ज्वारीत मचाणावर उभा राहून पाखरे राखणारा गोफणीचे एक टोक बोटात अडकवतो आणि दुसरे सोडून देतो. आपल्या स्लिंगमध्ये सोडायचे असे काहीच नसते, म्हणून मी आपला 'स्लिंग' हाच शब्द वापरतो.

तुझ्या लेकीला आजवर तिची गरज पडली नाही, याचे कारण सरळ आहे. दहा मीटरला ती एअर रायफल उभी राहून मारते आणि उभ्याने मारताना स्लिंग वापरण्यास मनाईच आहे. आता पन्नास मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर २०, पालथे पडून २० आणि उभ्याने २० अशा गोळ्या असतील, आणि त्यांतल्या पहिल्या दोन प्रकारांत स्लिंग लागेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर याच प्रकारात कांस्यपदक मिळवले. ती अंतिम फेरी लेकीला पुन्हा दाखव. मात्र या वेळी गुणफलकाकडे पाहू नका, त्याच्या डाव्या दंडाकडे पाहा. आणि केवळ पडून मारण्यातला डौल पाहायचा असेल, तर कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतची आठवण काढावी लागते. २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये ती जगज्जेती झाली.

स्लिंग नेमके काय करते हे कळले, की निवडीचा अर्धा घोळ मिटतो. पालथे पडल्यावर डावे कोपर जमिनीवर टेकते, त्यावर हाताचे हाड उभे राहते आणि तळव्यावर रायफल विसावते. ही कमान मिटू नये म्हणून एरवी दंडाचे स्नायू ताणून धरावे लागतात, आणि स्नायू पाच मिनिटांत थरथरू लागतो. स्लिंग ते ताणणे आपल्याकडे घेते. ती बरोबर बसली असेल तर डाव्या हाताची बोटे पूर्ण सैल सोडली तरी रायफल जागची हलत नाही. आता थोडा हिशेब कर. खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक मीटर अंतर धरले आणि नळीचे तोंड अर्धा मिलिमीटर खाली आले, तर पन्नास मीटरवर गोळी २५ मिलिमीटर खाली जाते. दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. म्हणजे ती गोळी गेली सातात! हे खाली येणे पीप साइटमधून, म्हणजे नेम धरण्याच्या बारीक छिद्रातून, दिसते हे खरे, पण दिसले की मुलगी हाताने रायफल वर उचलून धरणार, आणि ज्या स्नायूला सुट्टी द्यायची होती तोच पुन्हा कामाला लागणार.

म्हणून माझी पहिली अट अशी, की पट्टा ताणता कामा नये. हे मी माझ्या फजितीवरून सांगतो. कॉलेजात असताना पैसे वाचवण्यासाठी मी मंगळवार पेठेतून सुती नवार आणली आणि ओळखीच्या एका कारागिराकडून तिला चामड्याची टोके शिवून घेतली. माग चालवणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे करावे! नव्या बाजेची नवार आठ दिवसांत झोळते आणि पुन्हा ताणून घ्यावी लागते हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. विणीत ताण्याचा धागा बाण्याखालून-वरून नागमोडी गेलेला असतो, भार पडला की तो सरळ होत जातो आणि पट्टी लांबते. स्पर्धेत पहिल्या दहा गोळ्या नऊ-दहात बसल्या. पुढे नळी जराशी खाली उतरे आणि मी ती हाताने वर धरी. शेवटच्या दहांत चार सात लागले. बाहेर आल्यावर मी वाऱ्याला दोष दिला. ती बंदिस्त रेंज होती, हे तू तेव्हा सगळ्यांदेखत मला सांगितलेस आणि पुढे वर्षभर ऐकवत राहिलास.

आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांच्या खडखडाटात दिवस काढताना धाग्याच्या गोष्टी रोज हाताखालून जातात, म्हणून थोडे धंद्यातले सांगतो. सूत हवेतला ओलावा सुमारे साडेआठ टक्के धरते, नायलॉन सुमारे चार टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. शिवाय नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा जास्त ताणते. आपल्याकडचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यात आतल्या कपड्यांवर ते नेमबाजीचे जाडजूड जॅकेट, म्हणजे पट्टा घामाने भिजणारच. तेव्हा घट्ट विणीचा पॉलिएस्टरचा पट्टा किंवा वर रबरासारखा थर चढवलेला कृत्रिम पट्टा हाच मी पहिल्या खरेदीसाठी योग्य समजतो. चामड्याला माझा विरोध नाही. चांगले चामडे दंडावर सरकत नाही आणि ते वापरताना समाधान वाटते. पण नवे असताना ते ताणते, आणि घाम लागल्यावर त्याची निगा राखावी लागते. मी स्वतःच्या चामडी स्लिंगला पाण्याची बादली बांधून ती दोन रात्री पडवीत टांगून ठेवली होती, तेव्हा कुठे ती एका मापावर आली. सोळा वर्षांच्या मुलीकडून ही उस्तवारी होईल असे मला वाटत नाही, आणि तुझ्याकडून तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट दंडावरच्या फासाची, आणि माझ्या मते खरी निवड इथेच आहे. स्वस्तातल्या बऱ्याच स्लिंगांचा फास सुरगाठीसारखा असतो. रायफलीकडून ओढ बसली की तो दंडावर आवळत जातो. चांगल्या स्लिंगमध्ये फास एकदा बकलाने बसवला की तिथेच थांबतो, निरगाठीसारखा, आणि पुढचा पट्टा कितीही ताणला तरी दंडावरचा दाब वाढत नाही. फरक किती पडतो ते सांगतो. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी रोहिणी जाते. फासाने ती दाबली की नाडीचा प्रत्येक ठोका पट्ट्यातून रायफलीत उतरतो, आणि पीप साइटमधून पाहताना कड्यातला काळा गोळा घड्याळाच्या काट्यासारखा टिकटिक उडताना दिसतो. श्वास रोखून काही होत नाही. उलट काळजीने नाडी वाढते आणि गोळा अधिकच उडू लागतो. म्हणून फास दंडाच्या मधल्या फुगीर भागावर बसवू नये. तो काखेजवळ वर असावा आणि पट्टा दंडाच्या बाहेरच्या अंगाने निघावा. जॅकेटच्या बाहीवर वरच्या बाजूला एक आकडा किंवा पट्टी असते, ती फास खाली घसरू नये यासाठीच असते.

इथे तुझी एक चूक दाखवतो, रागावू नकोस. तू शिंप्याच्या टेपने लेकीच्या उघड्या दंडाचे माप घेऊन २३ सेंटीमीटर असे कळवलेस. ते माप ब्लाउजला उपयोगी पडेल. स्लिंग जॅकेटवरून बसते, आणि त्या जाड्याभरड्या बाहीखाली स्वेटरही असतो. तिला पूर्ण पोशाख घालायला लाव, हात नेम धरल्यासारखा वाकवू दे आणि मग वरच्या बाजूला माप घे. वाकवलेल्या आणि सरळ दंडाच्या मापात फरक पडतो, तोही लिहून ठेव.

रुंदीबद्दल फार डोके शिणवू नकोस. दंडावर रुंद आणि मऊ, पुढे रायफलीकडे अरुंद, एवढे पुरे. पट्टा रुंद आणि कडक असेल तर त्याच्या कडा बारीक दंडात रुततात.

बकलाचे मात्र नीट बघ. ज्या बकलात पट्टा नुसता दाबून धरलेला असतो, तो घामाने हळूहळू सुटतो, आणि काल कुठे होता हे आज सांगता येत नाही. पट्ट्याला भोके असावीत आणि भोकांवर आकडे असावेत. आकडे नसतील तर तू स्वतः तापल्या दाभणाने खुणा कर. माझ्या जुन्या स्लिंगला सहा भोके आहेत. चौथ्यात पट्टा सैल आणि पाचव्यात घट्ट होत असे, म्हणून मी दोन्हींच्या मध्ये एक साडेचार नंबरचे भोक पाडले आणि पुढे अनेक वर्षे तेवढ्यावरच मारत आलो. गुडघ्यावरची आणि पडून मारण्याची लांबी वेगळी येते, हँडस्टॉपही (रायफलीखालचा अडसर, ज्याला डावा हात टेकतो आणि स्लिंग अडकते) रेलवर मागे-पुढे करावा लागतो, म्हणून दोन्हींचे आकडे लेकीने वहीत लिहिलेच पाहिजेत. पुढची कडी हँडस्टॉपमध्ये मोकळेपणाने फिरते ना, हेही विकत घेण्याआधी तपास. ती अडकली तर पट्ट्याला पीळ पडतो आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते.

वहिनींनी हात बधिर होण्याची काळजी लिहिली आहे. ती रास्त आहे. मुले हे सांगत नाहीत. प्रशिक्षक काय म्हणतील या भीतीने दात-ओठ खात पडून राहतात. सुरुवातीला दंडावर वळ उठतील, त्याचे काही नाही. पण बोटांना मुंग्या आल्या की तिथेच थांबायचे, स्लिंग काढायची, हात झटकायचा आणि फास एका भोकाने सैल करायचा. पहिला आठवडा घरीच सराव करू दे. रायफल रिकामी आहे याची बोल्ट उघडून तू स्वतः खात्री कर आणि गोळ्या त्या खोलीत असूच नयेत. वीस मिनिटे पडायचे, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून रायफल कुठे बघते आहे ते पाहायचे. ती निशाणावरून बाजूला गेली असेल तर हाताने ढकलून आणायची नाही. कोपर न हलवता पोट आणि पाय सरकवायचे. स्लिंग फार आवळलेली असेल तर बट खांद्यात रुतून बसते, फार सैल असेल तर बोटे सोडताच नळी झुकते. आणखी एक, जमिनीशी डाव्या हाताचा कोन ३० अंशांपेक्षा कमी झाला तर पंच हरकत घेतात. स्लिंग आखूड करत गेले की हात उंच होतो आणि सैल सोडली की खाली जातो, म्हणून लांबी ठरवताना बाजूने तिचा एक फोटो काढून बघ.

माझे मत विचारशील तर एवढ्यात काहीच विकत घेऊ नकोस. माझी साडेचार नंबरवाली स्लिंग कपाटात नुसती पडून आहे. गेले कित्येक महिने मी रेंजवर गेलो नाही; खांद्याचे दुखणे तुला ठाऊकच आहे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेला तुम्ही सगळे येणार असाल तर संक्रांतीच्या आदल्या दिवशीच या, म्हणजे नंदीध्वजांची मिरवणूक बघून होईल आणि दुसऱ्या सकाळी माझ्या माडीवर सतरंजी टाकून लेकीला स्लिंग बांधून दाखवता येईल. महिनाभर तिने तीच वापरावी. ती चौथ्या भोकात मारते की पाचव्यात, फास कुठे टोचतो, तिला रुंद पट्टा मानवतो की अरुंद, हे तीच सांगेल, आणि मग त्या मापाची नवी घेऊ. माझी स्लिंग तिच्या दंडाला मोठी होईल अशी शंका आहे. पण तसे झाले तर आणखी एक भोक पाडू, दाभण घरात आहे.

येताना जॅकेट, ग्लोव्ह आणि हँडस्टॉप आठवणीने आण. रायफल मात्र एवढ्या गर्दीत बरोबर आणू नका, ती घरीच कुलपात राहू दे. हँडस्टॉप अडकवायला मी लाकडाची एक पट्टी सुताराकडून रायफलीच्या लांबीची करून घेतली आहे. काकूंना नमस्कार सांग, आणि शेंगाचटणी किती किलो हवी ते वहिनींना विचारून कळव.

तुझा,
सोलापूरचा मित्र