हळदीला पिवळाधमक रंग कशाचा?

संपादक महोदय,

लहान मुलांच्या पोटात शिसे जाते कुठून, असा विषय निघाला की बोलणे जुन्या रंगाच्या पोपड्यांवर आणि फोडलेल्या बॅटऱ्यांवर येऊन थांबते. हळदीची पेठ म्हणवणाऱ्या सांगलीने तरी मसाल्याच्या डब्यात डोकावायला हवे.

वाळत घातलेली हळकुंडे अवकाळी पावसात भिजली की काळवंडतात आणि भाव पडतो. मग हळकुंडे घासून चमकवायच्या पॉलिशच्या ड्रममध्ये हळदपुडीऐवजी लेड क्रोमेट हा स्वस्त पिवळा रंग टाकण्याचा मोह होतो. या रंगात वजनाने ६४ टक्के शिसे असते. किलोभर हळदीत तो १ ग्रॅम जरी गेला तरी शिसे ६४० पीपीएमवर (दहा लाख भागांत ६४० भाग) पोहोचते. कायद्याची मर्यादा आहे १० पीपीएम. त्यात मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाचपट शिसे शोषते, अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त.

ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून पाहण्याची घरगुती चाचणी पुडीसाठी भरवशाची नाही. तीत पाण्यात विरघळणारे रंग सापडतात. लेड क्रोमेट विरघळत नाही, जड असल्याने तळाला बसते. वरचे पाणी फिकट दिसते आणि भेसळीची हळद चांगली ठरते! म्हणून वर्षाची हळद अख्खी हळकुंडे घेऊन दळावी. पाण्यात टाकताच वरचा लेप सुटून भडक पिवळा रंग सोडणारी हळकुंडे घेऊ नयेत. पक्का निकाल मात्र प्रयोगशाळेतच मिळतो.

बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. सरकारने लोकांना सावध केले, क्ष-किरणांनी शिसे ओळखणाऱ्या, हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने बाजारातच तपासणी केली, दंड ठोठावले. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात शिसे आढळले नाही. हे यंत्र काही मिनिटांत आकडा दाखवते. बाजार समिती आणि अन्न व औषध प्रशासनाने सौद्याआधी पोत्यातला नमुना असा तपासावा. व्यापाऱ्यांनीही नुसती चमक न बघता कुरकुमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मूळच्या पिवळ्या घटकाच्या, प्रमाणावर भाव द्यावा. वरून रंग लावण्याचे कारणच त्यामुळे कमी होईल.

शिशाची बाधा बहुधा लक्षणांशिवाय होते आणि बुद्धीची वाढ खुंटवते. रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त शिसे आढळल्यास ते कुठून येते हे शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. औषध देऊनही ज्यांचा रक्तक्षय हटत नाही, अशा अंगणवाडीतल्या मुलांपासून तपासणी सुरू करता येईल. बोट टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचे शिसे मिसळून आकडा फुगतो. तसा तो जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करावी.

– एक अन्न रसायनतज्ज्ञ, सांगली