रविवारची तालीम: बाहुली धरणाऱ्यांनी जरूर वाचा

सर्व सभासदांना नमस्कार,

५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, आपला बाहुल्यांचा प्रयोग आहे. त्याची पहिली एकत्र तालीम येत्या रविवारी सकाळी ८ वाजता, सांगलीत गणपती मंदिरामागच्या आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये. नृत्यदिग्दर्शिका ताई आदल्या रात्रीच मुक्कामाला येत आहेत, तेव्हा ८ म्हणजे ८.

या वेळी एका बाहुलीला तिघे आहेत, जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्यासारखे. एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. तिघांचा श्वास एक झाला नाही तर बाहुली चालत नाही, नुसती ओढली जाते. म्हणून पहिला तासभर बाहुली हातात मिळणारच नाही. फक्त चालणं, थांबणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं. कंटाळा येईल, येऊ द्या.

– काळे, अंगाबरोबर बसणारे कपडे. बांगड्या, घड्याळ, अंगठ्या घरी ठेवा. मागे एकदा अंगठीत दोरा अडकून राजाचा हात निघाला होता.
– वस्तीतली मुलं आणि महिला मंडळाच्या काकू १० वाजता येतील. त्यांना शिकवायला जाऊ नका, सोबत नाचा.
– पाण्याची बाटली आणा. चहा-पोहे आहेत.
– येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा. एक गळला की तिघांचं काम अडतं.

१८४३ साली याच सांगलीत 'सीता स्वयंवर' करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. त्यामुळे "नाटकात बाहुल्या कशाला?" हा प्रश्न निदान आपल्या गावात तरी नको!

– तालीम समिती