बघितलंस, आता विचार

चि. माई हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली संवाद आणि देहबोलीच्या ट्रेनिंगची फाईल दुकानात बसून सगळी वाचली. दुपारी दोन ते चार चप्पल लाईनीत चिटपाखरू नसतं, त्यामुळं निवांत वाचता आली. फोनवर बोलायला गेलो की तू माझं तोडतेस आणि मी तुझं, म्हणून पत्र लिहितोय.

आधी आत्तीचं सांगतो. रविवारी जेवण झाल्यावर ती हाताची घडी घालून बसली होती. तू पुण्याच्या फ्लॅटचं सांगत होतीस आणि मधेच तिला म्हणालीस, “आत्ती, तुझी घडीच सांगतीय, तुला हे पटलेलं नाही.” ती हसली, उठली आणि आत भांडी आवरायला गेली. अगं, तिचा उजवा खांदा धरलाय. फ्रोझन शोल्डर म्हणतात डॉक्टर. कोपराला आधार दिला की जरा बरं वाटतं, म्हणून ती दिवसभर तशीच बसते. फ्लॅटबद्दल तिला काय वाटतं ते तू विचारलंच नाहीस. आणि तिला वाटत बरंच काही होतं. तू गेल्यावर ती माझ्याशी तासभर त्यावरच बोलली.

आता फाईल. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय की संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि देहबोली ५५ टक्के. मला ते गिळवेना, म्हणून शोधलं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतले आहेत. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात एकच शब्द सूर बदलून ऐकवला आणि सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले. बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ठरवतो, एवढंच त्याला बघायचं होतं. भावना आणि आवडनिवड सोडून बाकीच्या बोलण्याला हे समीकरण लागू नाही, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. पण आकडे सुटसुटीत आहेत ना, ट्रेनिंगवाल्यांनी उचलले.

शब्द ७ टक्केच असते तर अथणीच्या कारागिराचा कानडीतला फोन मला पुरला असता. तो वैतागलाय की खुशीत आहे, हे मला त्याच्या हॅलोलाच कळतं. पण कापशी चपलांचे किती जोड पाठवतोय आणि कधी, हे विचारायला कानडी येणाऱ्या शेजारच्या दुकानदाराच्या हातात फोन द्यावा लागतो.

म्हणजे बघून काही कळत नाही असं माझं म्हणणं नाही. माझा धंदाच बघण्यावर चालतो. गिऱ्हाईक तोंडानं “बरी हाय की” म्हणतं आणि पायाचा अंगठा आत आकसतो. कुणी चार पावलं चालतं आणि सोडून ठेवलेल्या जुन्या पायताणाकडं नजर टाकतं. एवढं दिसलं की दुकानातला पोरगा घाईनं भाव उतरवायला लागतो. मी त्याला थांबवतो. अंगठा आकसला म्हणजे काहीतरी खुपतंय, इतकंच कळलं. काय खुपतंय ते कुठं कळलं? पट्टा घट्ट असेल, नख दुखत असेल, भाव जास्त वाटला असेल, नाहीतर दारात उभ्या असलेल्या सासूनं रंगाला नाक मुरडलं असेल. त्यातही “आवडली नाही का?” असं विचारून उपयोग नसतो. माणूस भिडेनं “छान आहे” म्हणतो आणि परत येत नाही. “कुठं लागतंय?” म्हटलं की वाकून बोट ठेवून दाखवतो.

आणि कधी कधी अंग काहीच सांगत नाही. गेल्या उन्हाळ्यात गारगोटीकडचे एक वयस्क गृहस्थ आले होते. कोरी चप्पल, ताठ पट्टा, कुणालाही पहिले काही दिवस चावणारच. यांनी पाय घातला, दुकानभर फिरले, ना अंगठा आकसला, ना चेहऱ्यावर आठी. पोरगा खूश होऊन खोकं काढायला लागला. पैसे मोजता मोजता ते हसत म्हणाले, “हल्ली चप्पल पायातनं निसटली तरी ध्यानात येत न्हाई बगा.” पोरगाही हसला. मी म्हटलं, “म्हणजे? कधीपासनं?” मग हळूहळू बाहेर आलं. साखर आहे, कितीतरी वर्षांची. तळव्याला मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. चप्पल चावते, फोड येतो, जखम होते, आणि दुखतच नाही म्हणून तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. पुढं त्याच जखमेपायी पाय गमावायची वेळ येते. मी चप्पल परत घेतली, मऊ आणि बंद पायताण घालायला सांगितलं आणि आधी डॉक्टरला पाय दाखवा म्हटलं. त्या दिवशी पायाकडं बघत बसलो असतो तर सगळं झकास दिसत होतं. जे कळलं ते सगळं त्या एका वाक्यातून, आणि ते वाक्यही त्यांनी चेष्टेत टाकलं होतं.

फाईलमधल्या अंतराच्या तक्त्यावर मात्र मी पोट धरून हसलो. अठरा इंचांच्या आत फक्त जिवाभावाची माणसं, चार फुटांपर्यंत ओळखीची, त्यापुढं कामापुरती. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ साली हे मांडलं ते अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मध्यमवर्गीय लोकांकडं बघून, आणि सगळ्या जगाला हेच लागू आहे असं तो म्हणत नव्हता. दिवाळीत महाद्वार रोडवर ये म्हणावं, म्हणजे अठरा इंचांत किती जिवाभावाची माणसं मावतात ते दिसेल.

खुणेवर भरवसा ठेवून चालतं ते कुठं, तर जिथं तिचा अर्थ दोघांनी आधीच मान्य केलाय तिथं. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून सौदा व्हायचा. कुठलं बोट धरलं म्हणजे किती, हे घेणाऱ्याला आणि दलालाला दोघांनाही पाठ असायचं. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागायचा नाही आणि भाव चुकायचा नाही. आत्तीच्या घडीबद्दल तुमचं दोघींचं असं काही ठरलेलं नव्हतं.

ऐकण्याचं पान मला अर्धं आवडलं. मधून मधून मान हलवा, समोरचा बसलाय तसं बसा, डोळ्यांत बघा, हे सगळं ऐकण्याचं सोंग झालं. मान हलवायचं ध्यानात ठेवायचं की तो काय बोलतोय ते? पण कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाचा नियम तिथं दिलाय तो खरा कामाचा आहे. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं, तो “हां, असंच” म्हणाला की मगच आपलं बोलायचं. वाचायला सोपं आहे. आईबरोबर एकदा करून बघितलं, पहिल्या दोन वेळा ती “नाही, तसं नव्हे” म्हणाली.

हे जड का जातं त्याचंही कारण सापडलं. २००९ साली दहा भाषांतली बोलणी तपासली होती. एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. आणि एखादा साधा शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायलाच त्याच्या तिप्पट वेळ जातो. म्हणजे समोरचा अर्ध्यात असतानाच आपली उत्तराची जुळवाजुळव सुरू झालेली असते. आपल्या कोल्हापुरात तर तेवढाही दम नाही, तू आणि मी त्याचे पुरावे. तुमच्या व्हिडिओ कॉलवर वेगळीच गंमत होत असणार. आवाज जरा उशिरा पोचला तरी वाटतं, हा उत्तर द्यायला का कू करतोय. दोष लाईनीचा, आणि शंका माणसावर.

म्हणून तुझ्या टीममधल्या त्या नव्या मुलाबद्दल सांगतो. कॅमेरा बंद ठेवतो, “हो मॅडम, होईल” म्हणतो आणि काम होत नाही, म्हणून त्याला कामात रसच नाही, असं तू आईला म्हणालीस. असेलही. पण एका खोलीत चौघं राहत असतील आणि मागं दोरीवर कपडे वाळत असतील. इंग्रजीत अडखळत असेल. काम मुळात समजलंच नसेल आणि सगळ्यांसमोर विचारायची लाज वाटत असेल. त्याला एकट्याला फोन कर, आणि मराठीत बोल. “काही अडचण आहे का?” असं विचारू नको, त्याला “नाही मॅडम” हेच उत्तर येणार. “कालच्या कामात कुठं अडकलास?” असं विचार आणि गप्प बस. तो लगेच बोलणार नाही. तुला मधे बोलायची उबळ येईल, ती आवर. पहिलं उत्तर बहुतेक वरवरचं असतं, त्याच्या मागून दुसरं येतं. आणि “जाऊ दे मॅडम, काही नाही” असं काही हसत म्हणाला तर ते सोडू नको, तिथंच परत विचार.

कॅमेऱ्याची सक्ती करायची की नाही ते तुझं तू ठरव, तुझ्या साहेबांचं काय म्हणणं आहे ते मला माहीत नाही. मी असतो तर केली नसती. त्याच्याशी बोलणं झालं की तो काय म्हणाला ते मला कळव, त्याच्याच शब्दांत.

आईनं कांदा-लसूण चटणी केलीय, शनिवारी पार्सल टाकतो.

तुझे,
आबा