आरोग्यमंत्री साहेब, केदारनाथच्या गोळीबरोबर एक कागद पण द्या

मा. आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

साहेब नमस्कार,

मी इंदूरचा, औषधाच्या दुकानात काउंटरवर बसणारा फार्मासिस्ट. पत्र मराठीत लिहितोय कारण इथे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातले आमचे लोक पण वाचतील, तुमच्या ऑफिसला हिंदी कॉपी वेगळी पाठवलीच आहे.

अक्षय तृतीया जवळ आली की आमच्याकडे एकच मागणी सुरू होते, "भैया, डायमॉक्स दे दो, केदारनाथ जा रहे हैं." डॉक्टरांची पर्ची विचारली की तोंड वाकडं. डायमॉक्स म्हणजे उंचावरच्या विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी, शेड्यूल एच ची आहे, पर्चीशिवाय द्यायची नसते, पण आम्ही नाही म्हटलं की माणूस दोन दुकानं सोडून तिसऱ्यात जातो आणि पूर्ण स्ट्रिप घेऊन येतो, कशी घ्यायची ते कुणी सांगत नाही आणि हा विचारत पण नाही. ट्रॅव्हलवाल्याने व्हॉट्सअॅपवर लिस्ट टाकलेली असते, रेनकोट, टॉर्च, कापूर, डायमॉक्स. झालं.

मग वरून फोन येतात. सोनप्रयागहून एक काकू रडकुंडीला येऊन विचारतात, बोटांना मुंग्या येतायत, ओठ बधिर वाटतायत, पॅरॅलिसिस तर नाही ना? अहो, तो त्या गोळीचा सगळ्यात कॉमन साइड इफेक्ट आहे, दोन्ही हातापायांच्या बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, त्याने काही बिघडत नाही, गोळी बंद झाली की एक-दोन दिवसात जातं. पण हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून काकूंनी गोळी तिथेच बंद केली, नेमकी चढायच्या आदल्या दिवशी! (एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं तर ते गोळीचं नाही, ते लगेच डॉक्टरांकडे, हे पण त्यांना सांगावं लागतं.)

दुसरी तऱ्हा लघवीची. ही गोळी किडनीतून बायकार्बोनेट बाहेर टाकते, रक्त थोडं आम्लाकडे झुकतं, त्यामुळे श्वास जास्त चालतो आणि विरळ हवेत शरीर लवकर सेट होतं. पण त्यासोबत पाणी पण बाहेर जातं. आता थंडीत, रात्री, तंबूतून उठून बाहेरच्या बाथरूमला कोण जाणार, म्हणून आपली म्हातारी माणसं पाणीच पिणं बंद करतात, आणि मग डिहायड्रेशन, चक्कर, डोकं दुखणं, आणि हे डोकं गोळीमुळे दुखतंय, पाणी कमी पडल्यामुळे का उंचीमुळे, कुणालाच कळत नाही. साधा उपाय आहे, दिवसातला दुसरा डोस झोपताना न घेता संध्याकाळी लवकर घ्यायचा आणि पाणी तहानेप्रमाणे पीत राहायचं, मुद्दाम चार-पाच लिटर ढोसायचं पण नाही. बीपीसाठी आधीच लघवीची गोळी चालू असेल तर मात्र पोटॅशियम फार खाली जाऊ शकतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

बाकी मळमळ होते, तर काहीतरी खाऊन घ्यायची. कोल्ड्रिंक, सोडा एकदम बेचव लागतो, म्हणजे दुकानदाराने शिळी बाटली दिली असं नाही. कुणाला सुस्ती येते, कुणाला धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायची नाही.

डोसचा गोंधळ तर विचारूच नका. उंचीच्या त्रासापासून बचावासाठी मोठ्या माणसाला साधारण 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे बहुतेक 250 ची गोळी मिळते, म्हणजे अर्धी. लोक पूर्ण घेतात, मुंग्या पण तेवढ्याच वाढतात. आणि सल्फाची अॅलर्जी, मुतखडा, किडनी-लिव्हरचा त्रास, डायबिटीस, रोजची अॅस्पिरिन, हे काउंटरवर कोण विचारतं? आम्ही विचारलं तर मागची लाइन ओरडते. खरं तर डॉक्टरांना विचारून घरीच दोन दिवस घेऊन बघावी, काय होतं ते इंदूरमध्येच कळेल, डॉक्टर जवळ असताना.

मला सगळ्यात जास्त भीती डेक्साची, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळीची वाटते. कुणीतरी सांगतं "ये ज्यादा अच्छी है", आणि स्टेरॉइड पोटात. शुगर चढते, झोप उडते, माणूस उगाच तरतरीत होतो आणि आजार आतल्या आत झाकला जातो, त्या गोळीने शरीर उंचीला सेट होत नाही. वर असतानाच ती संपली की त्रास उसळून येतो.

इंदूर साडेपाचशे मीटरवर, केदारनाथ साडेतीन हजारांच्या वर. आमच्या अहिल्यादेवींनी तिथे धर्मशाळा बांधली तेव्हा लोक महिनोन्महिने चालत जायचे, शरीराला वेळ मिळायचा. आता खालच्या फाटा गावाहून हेलिकॉप्टर काही मिनिटांत वर सोडतं. उत्तराखंड सरकार सांगतं निदान 7 दिवसांची यात्रा ठेवा, ट्रॅव्हलवाले पाच दिवसांत उरकतात.

अमरनाथला जायचं तर हेल्थ सर्टिफिकेट कंपल्सरी आहे, त्यामुळे माणूस निदान एकदा डॉक्टरसमोर बसतो. चारधामवाल्यांसाठी तुम्ही इथे काही करा ना साहेब. जिल्हा हॉस्पिटलांत, इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलमध्ये सीझनला आठवड्यातून एक दिवस यात्रा ओपीडी ठेवा, बीपी-शुगर बघा, चालू गोळ्यांची यादी बघा, मग पर्ची लिहा. तुमचं शासन 2012 पासून 60 वरच्यांना तीर्थदर्शनाला नेतंय, डोंगरावर जाणाऱ्या गाडीचे प्रवासी तरी आधी तिथे पाठवा. ड्रग इन्स्पेक्टरना एप्रिल-मे मध्ये पर्चीशिवायची विक्री तपासायला सांगा, आमच्या दुकानापासून सुरू केलं तरी चालेल.

आणि प्रत्येक स्ट्रिपबरोबर हिंदीत एक पान, मोठ्या अक्षरात. पाकिटातला कागद बारीक इंग्रजीत, त्यात काचबिंदूचं लिहिलेलं बघून (ही गोळी त्यावर पण देतात) लोक अजूनच घाबरतात. पानावर वरच्या मुंग्या-पाणी-डोसच्या गोष्टी, आणि जाड अक्षरात हे: गोळी घेतली तरी उंचीचा त्रास होऊ शकतो, डोकं दुखून मळमळत असेल तर अजून वर जायचं नाही, बसल्या जागी धाप लागली, तोल गेला, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर गोळीची वाट न बघता लगेच खाली उतरवा.

मसुदा मी तयार केलाय, ओळखीच्या डॉक्टरांनी तपासून पण दिलाय. तुमच्या ऑफिसमधून कुणाचा ईमेल मिळाला की लगेच पाठवतो, छापायला प्रेस पण शोधून देईन, फक्त केदारनाथचे कपाट, म्हणजे मंदिराचे दरवाजे, उघडायच्या आधी हातात पडलं पाहिजे.

आपला,
एक फार्मासिस्ट, इंदूर